गुडघे दुखणाऱ्या आप्पांना वर्षावनात बेडूकतोंड्या दाखवायचाय, सोपी वाट कुठली?

अमळनेरची मास्तरीण

नमस्कार मंडळी. मी अमळनेरला शाळेत शिकवते. आमचे आप्पा सत्तरीला टेकलेत, सगळा जन्म कापसात गेला. दोन्ही गुडघे घासलेले आहेत. सपाट रस्त्यावर थांबत थांबत दोन किलोमीटर चालतात, चढ आला की दगड शोधून बसतात.

मध्यंतरी भाच्याने व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. फांदीवर दोन वाळकी पानं एकमेकांना चिकटलेली. नीट पाहिलं तर ती पाखरं निघाली, मिटल्या डोळ्यांची आणि भलत्याच रुंद तोंडाची. खाली नाव होतं श्रीलंकन फ्रॉगमाउथ, मराठीत बेडूकतोंड्या. आप्पांनी तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला आणि म्हणाले, "हाई पाखरू माले देखनं शे." पंढरपूर सोडून आप्पा कधी कुठे जायचं नाव काढत नाहीत, म्हणून मी तो शब्द धरून ठेवलाय.

भाचा म्हणतो हे वर्षावनातलं पाखरू. आम्ही वर्षावन टीव्हीवर पाहिलेलं. तर सांगा: चढ नसलेली अशी वाट कुठे आहे? आमच्याकडून रेल्वेने जाता येईल का? जळवा फार असतात म्हणे. आणि मुख्य म्हणजे, एवढ्या लांब जाऊन पाखरू दिसतं का, की नुसती झाडं पाहून परत यायचं? वेचणी आटोपल्याशिवाय आप्पा हलणार नाहीत, तेव्हा जानेवारी धरा.

नुसता वाचक

ताई, कशाला केरळ-बिरळ? तोरणमाळला न्या. गाडी थेट यशवंत तलावापर्यंत जाते, गुडघ्यांचा प्रश्नच नाही. पाखरं तिथेही आहेत.

गार्डचा डबा

वाचकभाऊ, तोरणमाळ झकास आहे, पण आप्पांनी मागितलेलं पाखरू तिथे नाही. बेडूकतोंड्या राहतो पश्चिम घाटातल्या ओल्या जंगलात आणि श्रीलंकेत. आपला सातपुडा कोरडा, पानगळीचा. जानेवारीनंतर सागाची पानं गळायला लागतात, मग वाळक्या पानाचं सोंग घेऊन बसणाऱ्याने लपायचं कुठे?

ताई, तुम्ही सरळ तट्टेकाडला जा. एर्नाकुलम जिल्ह्यात कोतमंगलम गाव आहे, तिथून पुढे थोडंसं, पेरियार नदीच्या काठावर. उणंपुरं 25 चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, 1983 साली झालेलं आणि पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या नावाचं. 1930 च्या दशकात ते त्रावणकोर-कोचीन संस्थानांतली पाखरं नोंदवत फिरले, तेव्हा सगळ्या द्वीपकल्पात पाखरांच्या बाबतीत इतकी श्रीमंत जागा दुसरी नाही असा त्यांचा शेरा पडला. मी तिथे बऱ्याचदा गेलोय म्हणून सांगतो. नोकरी मालगाडीच्या गार्डाची, भुसावळला. मेल सोडायची म्हणून आमची गाडी लूपलाइनला घातली की तासन्‌तास ब्रेकव्हॅनच्या दांडीला टेकून बसायचं आणि बाभळीवरची पाखरं पाहायची. तेव्हाची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही.

सोपी वाट म्हणाल तर तिथलं जंगल नदीच्या थडीचं आहे, बरंचसं सखल. रुंद मातीच्या वाटा आहेत, दोघं शेजारी चालतील अशा. खडकावर चढायच्या वाटाही आहेत आणि हौशी वाटाड्या तुम्हाला तिकडेच न्यायला पाहील, कारण वरून दृश्य छान दिसतं. त्याला पहिल्याच फोनवर आप्पांचे गुडघे सांगून ठेवा. वाटाड्याशिवाय आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरायचं नाही. तिथे हत्ती आहेत, आणि त्यांच्यापुढे आप्पांना पळता येणार नाही. तुम्हालाही नाही.

एक आधीच सांगतो, नाहीतर तिथे गेल्यावर मला शिव्या घालाल. तट्टेकाड म्हणजे टीव्हीवरचं अखंड वर्षावन नव्हे. सदाहरित पट्टा आहे, त्याला लागून अर्धवट पानगळीचं जंगल आणि मध्येच चक्क सागाची लागवड. पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात म्हटलं, साग पाहायला मी भुसावळहून आलो का? पण अशा सरमिसळीमुळेच थोड्या चालण्यात तऱ्हातऱ्हांची पाखरं दिसतात. दुखऱ्या गुडघ्यांना याहून सोयीचं जंगल नाही.

आता गाडी. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस, निजामुद्दीन ते एर्नाकुलम. भुसावळ आणि जळगाव दोन्हीकडे थांबते, मध्ये कुठे बदलायची गरज नाही, साधारण दीड दिवसाचा प्रवास. आपल्याकडे ती मध्यरात्रीच्या आगेमागे येते, म्हणून तारीख दोनदा पाहून तिकीट काढा. बारानंतर तारीख पालटते आणि लोक एक दिवस उशिरा बॅगा घेऊन फलाटावर उभे राहतात, हे मी नोकरीभर पाहिलंय. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. आप्पांचं वय नीट भरा आणि ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचा बर्थ मागा. भाड्यातली सवलत 2020 पासून बंद आहे, तिची आशा धरू नका. आलुव्याला उतरलात तर कोतमंगलमकडे जायला बरं पडतं. वाटेत कोकण रेल्वेवर रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, तो आप्पांना दाखवा. बोगदा काय दाखवायचा म्हणाल, पण कातळातून तो कसा काढला असेल हे शेतकऱ्याला बरोबर कळतं, विहीर खणलेली असते ना.

दिसतं का, हा तुमचा खरा प्रश्न. दिसतं, पण आपल्या सवयीने पाहिलं तर नाही. आपल्याकडे पाखरू उजेडात असतं. तारेवर निळकंठ, बांधावर टिटवी, लांबूनच ओळखायचं. तिथे झाडं तीस-चाळीस मीटर उंच, वर पानांचं छत आणि खाली जमिनीपर्यंत पोचणारा उजेड शंभरातला एखाद-दुसरा टक्का. पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच दिसत नाही. माणूस वैतागतो आणि भराभर चालायला लागतो. तिथेच घोटाळा होतो. थांबायचं. आप्पा गुडघ्यांमुळे थांबतात ना, त्या जंगलात तोच शहाणपणा आहे.

आधी कान लावायचे. तिथे बरीच पाखरं एकेकटी फिरत नाहीत, आठ-दहा जातींचा मिळून एक थवा असतो. त्यात भृंगराज हमखास. कोतवालाचाच भाऊबंद, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे गोंडे. तो दुसऱ्यांच्या नकला करत गोंगाट घालतो. थवा पानं-फांद्या चाळत निघाला की किडे उडतात आणि भृंगराज ते हवेत टिपतो. पांढऱ्या पोटाचा टकाचोर बहुधा त्याच्या आसपास असतो, तो पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच नाही. सुतार, नीलपरी, कधी स्वर्गीय नर्तक. थवा येतो तो फलाटावर न थांबणाऱ्या मेलसारखा. आधी काही नाही, मग पाच मिनिटं धडधड, पुन्हा सामसूम. त्याच्यामागे धावायचं नाही. आप्पांना बसवा आणि येऊ द्या.

मलबारी कर्णा हे त्या जंगलातलं दुसरं मोठं पाखरू. नराचं डोकं काळं, छातीवर पांढरी पट्टी आणि खाली लालभडक पोट. एवढा रंग असून दिसत नाही, कारण तो माणसाकडे पाठ करून बसतो आणि पाठ आहे मातकट तपकिरी. मधल्या उंचीच्या उघड्या फांदीवर ताठ बसलेला असतो, अगदी डोळ्यांसमोर. मान हळूच वळवतो, किडा टिपायला झेपावतो, आणि उडताना तेवढं पोट दिसतं. वाटाड्याने बोट दाखवलं आणि नाही दिसलं तर पुढचं झाड, मागचं झाड विचारत बसू नका. एक जाड खोड धरायचं आणि तिथून नजर फांदीफांदीने सरकवायची.

आणि आप्पांचा बेडूकतोंड्या. तो रात्री उडतो, दिवसभर बसून असतो, आणि जोडी पुष्कळदा तीच फांदी दिवसेंदिवस धरून ठेवते. वाटाड्यांना ती फांदी ठाऊक असते, म्हणून शोधाशोध कमी. झुडपात, वेलींच्या जाळ्यात, माणसाच्या डोक्याच्या उंचीलासुद्धा बसलेला असतो. नर राखी, मादी तांबूस. दोघं खांद्याला खांदा लावून. जवळ कुणी आलं की चोच वर करतात, डोळ्याची बारीक फट ठेवतात आणि मोडक्या फांदीचं सोंग घेतात. चोचीच्या मुळाशी ताठ केसांचा झुबका असतो, त्यात ते रुंद तोंड झाकून जातं. दुर्बिणीतून पाहा, त्या केसांच्या आड चोचीची कड थेट डोळ्याखालपर्यंत गेलेली दिसेल. विणीच्या दिवसात एकच अंडं असतं आणि दिवसा त्यावर नर बसतो. तेव्हा दहा-बारा फुटांवरूनच पाहायचं, फ्लॅश मारायचा नाही, फांदी बाजूला करायची नाही. फोनवर पाखराचा आवाज लावून बोलावणारे वाटाडे भेटतात. त्यांना सरळ नाही म्हणा. पाखरू येतं, पण आपल्या हद्दीत दुसरा घुसला म्हणून हातातलं काम टाकून येतं.

दुर्बीण घ्याल तर आठ बाय बेचाळीस, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची. दुकानदार बारा बाय पंचवीस गळ्यात मारेल, छोटी आणि स्वस्त. बेचाळीसला आठने भागलं की सव्वापाच येतं, म्हणजे डोळ्यात पाच मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका पडतो. पंचवीसला बाराने भागा, जेमतेम दोन. शेतात चालेल, त्या अंधाऱ्या रानात नुसता काळोख दिसेल. चष्मा असेल तर दुर्बिणीचे रबर खाली दुमडायचे.

पुण्यातला वरणगावकर

काकांनी सगळं बरोबर लिहिलंय, पण सत्तरीच्या माणसाला दीड दिवस गाडीत बसवायचं? गणेशगुडीला न्या. दांडेलीच्या जवळ, काली नदीवर, सुपा धरणाच्या पायथ्याशी. भुसावळहून गोवा एक्सप्रेसने लोंढ्याला उतरायचं, पुढे गाडी करायची. तिथे पाखरांच्या अंघोळीसाठी छोटी पाणथळं केलेली आहेत. समोर खुर्ची टाकून बसायचं, पाखरं आपण होऊन येतात. नीलपरी, पिट्टा, कधी कर्णासुद्धा. बेडूकतोंड्याही त्या भागात आहे. शिवाय धनेशाच्या चारही जाती एकाच परिसरात: महाधनेश, मलबारी कवड्या, मलबारी राखी आणि आपल्याकडचा साधा राखी. कवड्या धनेश संध्याकाळी काली नदीवरून ओळीने रातथाऱ्याला जातात. आप्पांना एक पाऊल चालावं लागणार नाही.

गार्डचा डबा

वरणगावकर, गणेशगुडीला नावं ठेवणार नाही, धनेशांसाठी मी स्वतः तिकडे पाठवीन. पण त्या पाणथळांपुढे फोटोवाल्यांची रांग लागते. मोठमोठ्या तोफा लावून बसलेले असतात, आणि बिनकॅमेऱ्याच्या म्हाताऱ्याला कुणी पुढची खुर्ची देत नाही. ताईंनी वाट विचारली आहे. आप्पांना जंगलात चालायचंय की फक्त पाखरू पाहायचंय, हे त्यांनाच विचारा. चालायचं नसेल तर वरणगावकरांचं ऐका.

तळोद्याची

ताई, केरळला जरूर जा. पण आप्पांच्या डोळ्यांना सराव म्हणून आधी आपल्याच सातपुड्यातला वनपिंगळा पाहा. दुर्मीळ पाखरं फक्त ओल्या जंगलात असतात असं इथे सगळ्यांनी धरून चाललंय, म्हणून लिहिते.

वनपिंगळ्याला नाव मिळालं 1873 साली, ह्यूम साहेबाकडून. पुढच्या दशकात पश्चिम खानदेशात कामाला असलेल्या डेव्हिडसन या अधिकाऱ्याने शहादा-तळोद्याच्या रानात त्याचे काही नमुने गोळा केले. 1884 नंतर पाखरू गायब. मध्ये मायनर्ट्‌झहागन या इंग्रजाने 1914 मध्ये गुजरातेत आपल्याला ते मिळाल्याचं सांगितलं, आणि लोक त्या पत्त्यावर शोधत राहिले. पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा कळलं, त्याचा नमुना डेव्हिडसनचाच, चोरून नव्या चिठ्ठीसकट ठेवलेला. तो खोटा पत्ता वगळून त्या जुन्या खऱ्या जागांवर आल्या आणि 1997 च्या नोव्हेंबरात बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत त्यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तो दिसला. शंभरावर वर्षांनी, आमच्या उशाशी! आता तो मेळघाटात, यावलकडे आणि ठाण्याजवळ तानशालाही सापडलाय, तरी अजून धोक्यातल्या यादीत आहेच.

आप्पांच्या दृष्टीने गंमत अशी की हा पिंगळा दिवसा शिकार करतो. हिवाळ्यात सकाळी सागाच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसतो, सरडे-उंदीर धरतो, शेपटी डावी-उजवी झटकतो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीत. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पंजे दणकट. तुम्हाला आवडलं तर इथून कुणी अनुभवी माणूस सोबत देईन, पण नेमकी जागा इथे लिहिणार नाही. अमावस्येला घुबडाचं काय करतात ते तुम्हाला माहीत आहे.

अमळनेरची मास्तरीण

सगळ्यांचे आभार. आप्पांना वाचून दाखवलं. म्हणाले, "खुर्चीवर बठीसन पाखरू देखानं ऱ्हायतं ते वावरमाच देखतू." म्हणजे गणेशगुडी बाद, वरणगावकरभाऊ रागावू नका. वनपिंगळ्याचं ऐकून मात्र ते गप्प झाले, मग म्हणाले की लहानपणी सातपुड्यात मामांकडे दिवसा ओरडणारा पिंगळा होता आणि सगळे त्याला अपशकुनी म्हणायचे. तोच असेल का ते कळायचा मार्ग नाही, पण तळोदेताई, डिसेंबरात एक रविवार तुमच्याकडे येतो.

काका, तीन शंका. आप्पांचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा अजून कच्चा आहे. कान मात्र तिखट. असं चालेल का? जळवांचं तुम्ही लिहिलंच नाही. आणि जेवणाचं काय? आप्पांना भाकरी लागते.

गार्डचा डबा

मास्तरीणबाई, तिखट कान असलेला माणूस त्या जंगलात अर्धी लढाई जिंकूनच आत शिरतो. दुर्बीण एकाच डोळ्यानेही वापरता येते, ऑपरेशन झालेल्या. दोन्ही डोळ्यांनी पाहायचं असेल तर त्यांच्या फरकासाठी उजव्या बाजूला एक फिरवायची कडी असते, ती घरूनच जुळवून त्यावर खुणेचा ठिपका काढा. तिथे पाखरू समोर असताना कडी फिरवत बसायला वेळ नसतो. तळोद्याच्या रविवारी याचा सराव होऊन जाईल. ही सूचना त्यांनी छान केली, मला सुचली नव्हती.

जळवा पावसाळ्यात फार. जानेवारीत वाटा कोरड्या असतात, ओढ्याकाठी एखादी चढली तर चढली. गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे मिळतात, ते पँटवरून चढवायचे. नाहीतर आप्पांच्या खिशात तंबाखू असेलच, ती भिजवून मोज्यांवर चोळा. तंबाखूचा तेवढाच एक चांगला उपयोग मी आजवर पाहिलाय.

जेवण: गाडीपुरत्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा घ्या. दीड दिवस आरामात टिकतात. तिथे जाड तांबड्या तांदळाचा भात मिळेल आणि सकाळी पुट्टू, म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला, खोबरं घातलेला. आप्पांना आवडणार नाही, पण त्यासोबत काळ्या हरभऱ्याची उसळ देतात ती आवडेल. भाकरी विसरा. कळण्याचं पीठ सोबत नेऊन तिथल्या बाईंकडून भाकरी करून घ्यायचा प्रयत्न आमच्या मंडळींनी केलाय. बाई चांगल्या होत्या, भाकरीचं विचारू नका.

पहाटेचा चहा खोलीवरच घ्या आणि उजाडता उजाडता वाटेवर असा. दहानंतर जंगल झोपतं, तेव्हा आप्पांनाही झोपू द्या आणि चारला पुन्हा निघा. पहिल्याच सकाळी बेडूकतोंड्या मागू नका. वाटाड्या तो दाखवून मोकळा होईल आणि पुढे त्याचं लक्ष उडेल. दुसऱ्या दिवशी मागा.

आता गाडीची तारीख कळवा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं तर आरक्षण नोव्हेंबरातच उघडेल, आणि त्या दिवसांत या गाडीला गर्दी असते. आरक्षण उघडेल त्या दिवशी सकाळी आठला बसा. खालचा बर्थ नाही लागला तर मला इथेच सांगा, कुठला डबा कुठे लागतो ते सांगतो, म्हणजे निदान आप्पांना फलाटावर चालावं लागणार नाही.

नुसता वाचक

मीपण येऊ का भो? तोरणमाळ काय, इथेच आहे.